धाकू परबाचं टोक

वस्तू बिघडते यावर धाकू परबाचा विश्वास नाही. वस्तू रुसते, असं त्याचं मत आहे. रुसलेल्या वस्तूला आधी एक थापट मारायची, तेवढ्याने भागलं नाही तर शिवी घालायची, आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचा. पेडण्याच्या बाजारात त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. याच क्रमाने त्याने अर्ध्या तालुक्याचे टीव्ही चालू केले आणि उरलेल्या अर्ध्याचे कायमचे बंद पाडले. पुढे भिंतीला लटकणारे चपटे टीव्ही आले. त्यांना थापट मारायला जागाच नव्हती, त्यामुळे धाकूचं दुकान बसलं. "धंदो माझो नाय बसलो, टीव्हीचो बसलो. पाठच नाय तेका, मारतलंय खय?" असं तो अजून सांगतो.

त्याचं गाव हळर्ण. तिथला जुना किल्ला कोणी आणि का बांधला हे शाळेत शिकवतात. धाकूच्या मते तो अँटिना लावण्यासाठीच बांधला होता, फक्त टीव्ही यायला उशीर झाला. एकदा त्याने गावात सांगितलं की मोबाईल पितळेच्या घागरीवर ठेवला की रेंज चांगली मिळते. पुढचे काही दिवस गावातल्या बायका पाणी प्लास्टिकच्या बादलीतून भरत होत्या, कारण घागरी पुरुषांनी अडवल्या होत्या. रेंज कोणालाच मिळाली नाही. धाकू म्हणाला, घागरी नीट घासलेल्या नसतील.

हा माणूस आमच्या लाटंबार्सेच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर कसा आला याचं उत्तर सोपं आहे. तेव्हा मुलाखत घेणारे साहेब पुण्याचे होते आणि धाकू बोलायला लागला की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. मी स्वतः वाणिज्य शाखेचा. कोठार, खरेदी आणि हिशेब ही माझी खाती, आणि कारखान्यात जे बनतं ते मला जेवढं कळलंय तेवढंच इथे सांगतो.

आम्ही कार्डं बनवतो. हिरव्या रंगाची, तळहाताएवढी. मोठ्या कामाला एक प्रोसेसर पुरत नाही, म्हणून बरेच प्रोसेसर एकत्र जुंपतात. पण त्यांना एकमेकांशी बोलावं लागतं, आणि तेही फार वेगाने. हे बोलणं करून देतं ते आमचं कार्ड. एक कार्ड या प्रोसेसरला, दुसरं त्या प्रोसेसरला, मधे तार. पूर्वीच्या कार्डांत पुष्कळ तारा शेजारी शेजारी असायच्या आणि सगळी माहिती खांद्याला खांदा लावून निघायची. वेग वाढवला की त्यातली काही आधी पोचायची, काही मागे राहायची, आणि पलीकडे नुसता गोंधळ. म्हणून आता माहिती एकामागोमाग एक सोडतात, शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, माणसं चालतात तशी. मेर अरुंद, पण चालणारे वाऱ्यासारखे, त्यामुळे शेवटी जास्त माल पोचतो. प्रत्येक कार्डाला एक वाट जायची आणि एक यायची. या कार्डाची जायची वाट त्या कार्डाच्या यायच्या वाटेला मिळाली पाहिजे. म्हणजे याचं तोंड त्याच्या कानाशी. एवढं समजलं की या धंद्यातलं सगळं समजलं, असं धाकू मला म्हणाला होता. बाकीचं इंजिनियरांनी पगारासाठी वाढवून ठेवलंय.

तपासणीच्या दोन खोल्या आहेत, मधे भिंत. अलीकडची खोली थंड, तिथे धाकू. पलीकडची तापखोली. तिथे कार्ड मुद्दाम तापवून बघतात, कारण गिऱ्हाईक ते कुठल्या भट्टीत बसवेल याचा नेम नसतो. भिंतीत एक भोक, भोकावर पत्र्याची पट्टी, आणि पट्टीतून मुख्य तार आरपार. पट्टीपासून कार्डापर्यंत प्रत्येक बाजूला एक आखूड तार. तापखोलीचा धनी रघुनाथ दळवी.

रघुनाथ मूळचा हद्दीपलीकडचा, महाराष्ट्रातल्या दोडामार्गाकडचा. तरुणपणी खाणीवरचा ट्रक चालवायला गोव्यात आला आणि लाटंबार्सेला घर करून राहिला. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक अंगणात उभा राहिला आणि त्याच्या हौद्यात कोंबड्या राहायला गेल्या. रघुनाथ आमच्याकडे आला. तापखोलीत दुसरं कोणी टिकत नव्हतं, पण एप्रिलमध्ये खनिजाचा ट्रक चालवलेल्या माणसाला ती खोली थंड हवेच्या ठिकाणासारखी वाटली. धाकू जेवढा बोलका, तेवढा रघुनाथ मोजका. त्याचं एक वाक्य ट्रकाच्या पहिल्या गियरसारखं, हळू निघतं, पण वाटेत असेल त्याला चिरडतं.

दोघांची मैत्री भिंतीतल्या त्या भोकातून झाली. कार्ड लावलं की अलीकडून धाकू ओरडायचा, "रघू, सोडतंय रे." पलीकडून यायचं, "सोड." जेवणाच्या सुट्टीत धाकूच्या डब्यातली पातळभाजी आणि रघुनाथने पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, आणलेले उंडे एकत्र व्हायचे. काजूच्या हंगामात शनिवारी दुपारी दोघे रघुनाथच्या अंगणात, त्या कोंबड्यांच्या ट्रकाच्या सावलीत, हुर्राकाची, म्हणजे काजूच्या हलक्या दारूची, बाटली घेऊन बसायचे. त्या सावलीतच धाकूची सेजल आणि रघुनाथचा सर्वेश यांचं ठरलं. खरं तर मुलांनी ते आधीच ठरवून ठेवलं होतं, पण बापांना वाटलं आपण ठरवलं, आणि त्या आनंदात त्यांनी आणखी एक बाटली आणवली.

लग्न झालं. दोघे मित्र व्याही झाले, आणि इथेच घात झाला. मित्राला वाटेल ते बोलता येतं. व्याह्याला बोलता येत नाही, कारण तिथे ऐकायला दोन विहिणी बसलेल्या असतात.

लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या माहेराहून सासरी व्हजें जातं. फळं, नारळ, लाडू, नेवऱ्या, सगळं टोपल्यांत भरून. बाहेरचे लोक नेवऱ्यांना करंज्या म्हणतात. धाकूच्या बायकोने, ताराने, शेजारणी जमवून नेवऱ्या केल्या. धाकूने टेंपो केला आणि नवा शर्ट घालून हळर्णहून नदी ओलांडून लाटंबार्सेला गेला. ओसरीवर पाहुणे बसले होते. टोपल्या उघडल्या. रघुनाथने एक नेवरी उचलली, तोडली, आत बघितलं आणि म्हणाला,

"वरून मोठी असा. भितुर वारो भरलो हा."

हे तो धाकूला रोज म्हणत असे. डब्यातल्या भाजीबद्दल, स्कूटरच्या टायरबद्दल, धाकूच्या डोक्याबद्दल. पण आज मागे तारा उभी होती, जिने ते सारण परतलं होतं. धाकूला गप्प राहणं शक्य नव्हतं.

"व्याही," तो म्हणाला, "जल्मभर टायरांत वारो भरलात. आता तुमका नेवरेतय तोच दिसतलो."

ट्रक अंगणातच उभा होता, चाकं बसलेली. पाहुण्यांपैकी कोणीतरी हसलं. ज्याने हसायला नको होतं त्यानेच हसावं असा नियम आहे. रघुनाथ आत निघून गेला आणि धाकू चहा न घेता टेंपोत बसला.

त्यानंतर मधे दोन शिमगे गेले. दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

कारखान्यात याची व्यवस्था अशी झाली. भोकातून ओरडणं बंद. धाकूला कार्ड लावल्याचं कळवायचं असेल तर तो आमच्या इंजिनियर मुलीला, म्हापशाच्या प्राजक्ताला सांगायचा, "त्यांका सांग, सोडलां म्हणून." प्राजक्ता भिंतीला वळसा घालून पलीकडे जाऊन सांगायची. तिथून उत्तर घेऊन यायची. सेकंदाला किती अब्ज अक्षरं धावतात याचा हिशेब लिहिणारी ती मुलगी, दोन म्हाताऱ्यांची चार अक्षरं पायी पोचवत होती. तिने एकदा मला विचारलं, "बाब, हे असं किती दिवस चालणार?" मी म्हटलं, आमच्या वाड्यावर दोन भाऊ एका विहिरीवरून बोलायचे थांबले, त्यातला एक वारला तरी दुसरा बोलला नाही. तिने पायात सपाट चपला घालायला सुरुवात केली.

हे असंच चाललं असतं, पण सेजलला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण मुलगी आपली आपण उठून माहेरी येत नाही. मुलीच्या बापाने व्याह्याच्या दारात जायचं आणि तोंडाने मागणी घालायची, की आमच्या मुलीला बाळंतपणाला पाठवा. मग सासरचे ओटी भरून पाठवतात. निरोप चालत नाही, फोन चालत नाही, जावयाकरवी कळवलेलं चालत नाही. तोंडानेच. आणि आठवा महिना लागला की मुलीला हलवत नाहीत. म्हणजे जे काय बोलायचं ते सातव्यात.

सातवा सरत आला होता. धाकूने घरी खाटेची दोरी नवी विणून घेतली होती. बाळासाठी पाळणा रंगवला होता, आणि त्याला एक छोटा दिवा आणि गाणं लावलं होतं, जे अधूनमधून आपोआप सुरू होऊन घरातल्यांना दचकवत होतं. सगळी तयारी होती. बोलणं तेवढं राहिलं होतं.

"जा आणि विचारा," तारा म्हणायची.

"तो आधी सॉरी म्हणू दे."

"तो कित्याक म्हणतलो? चेडू तेच्याकडे असा. गरज कोणाक?"

"नेवऱ्यो तू केल्लंस. अपमान तुझो झालो."

"माझो अपमान माका काय तो कळता," तारा म्हणाली. "ते नेवरेत वारोच होतो. घाई केलंय मी. आता जा."

बायकोनेच साक्ष फिरवल्यावर धाकूची केस संपायला हवी होती. पण तो आणखीच अडला. आता त्याच्याजवळ रागाला कारण उरलं नव्हतं, आणि कारण नसलेला राग सोडणं सगळ्यात कठीण. रघुनाथची गंमत अशी की त्याने सुनेला पाठवायची तयारी केव्हाच करून ठेवली होती. त्याची बायको चंद्रावती हिने ओटीचं खण-लुगडं आणून ठेवलं होतं. पण मागितल्याशिवाय पाठवणार कसं? मुलगी माहेरी हाकलली असं होतं. सेजल दोन्हीकडे फोन करून दमली. शेवटी ती बापाला म्हणाली, "बाबा, मी हंयच बाळंत होतंय. तुमी दोगय भिंतीपलीकडून ऐका, पोर कसा रडता तां."

धाकू त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने एक चांगलं कार्ड दोनदा थापटलं.

त्याच आठवड्यात नव्या कार्डांची पहिली खेप तपासायला आली. गिऱ्हाईक बेंगळुरूचं. शुक्रवारी त्यांची माणसं येणार, समोर बसून बघणार, दोन कार्डं एकमेकांशी न चुकता बोलली तर माल उचलणार. आमच्या मॅनेजरने भिंतींना रंग दिला, कुंड्या आणल्या आणि झाडूवाल्याला टाय घालायला लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

नव्या कार्डात एक बदल होता. जुन्या कार्डात जायची आणि यायची वाट आतल्या आत फिरवलेली असायची, त्यामुळे बाहेर सरळ तार लावली की भागायचं. नव्यात आतलं ते फिरवणं काढून टाकलं होतं. आता बाहेरच्या आखूड तारांपैकी एक उलटी लावायची होती, म्हणजे तोंडासमोर कान येईल. नकाशावर लिहिलं होतं, 'तार एका टोकाला फिरवावी'. कुठल्या टोकाला ते लिहिलं नव्हतं. ज्याने लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर दोन शहाणी माणसं असावीत, जी एकमेकांना विचारतील.

बुधवारी सकाळी धाकूने आपल्या बाजूला उलटी तार लावली. कार्ड लावलं. हिरवा दिवा लागायला हवा होता, तो लागला नाही.

"धाकूकाका, तार फिरवलीत?" प्राजक्ताने विचारलं.

"फिरवली."

एका टोकाला फिरवलेली आहे याची खात्री झाल्यावर ती बिचारी दुसऱ्या टोकाला कशाला विचारेल? तिने आपला संगणक उघडला आणि आतल्या प्रणालीत दोष शोधू लागली. दुसरं कार्ड लावलं, तिसरं लावलं. दिवा नाही. धाकूने थापट मारली. शिवी घातली. मग तो विचारात पडला, आणि तो विचार मला त्याने नंतर सविस्तर सांगितला. तो असा: रघू नकाशा वाचतो, आणि वाचून झाल्यावर मला शहाणपणा दाखवायची संधी सोडत नाही. त्यानेही त्याच्या बाजूला फिरवली असणार. दोघांनी फिरवली म्हणजे तोंडासमोर तोंड. विचारायला मी जाणार नाही. आपलीच सरळ करून टाकावी, कोणाला कळणारही नाही.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी असताना त्याने आपली तार सरळ केली. दुपारी कार्ड लावलं. दिवा लागला नाही.

प्राजक्ताने बेंगळुरूला फोन केला. बेंगळुरूने सांगितलं की दोष हवामानाचा असू शकतो, तुमच्याकडे दमट आहे. मॅनेजरने खोलीत आणखी एक एसी बसवला. धाकूने विचार केला, रघूने फिरवली नसावी, मी उगाच त्याला शहाणा समजलो. चहाच्या वेळी त्याने पुन्हा उलटी लावली. दिवा नाही.

गुरुवारी सकाळी मॅनेजर देवाला गाऱ्हाणं घालायला घाडी, म्हणजे देवऋषी, आणू का असं मला विचारून गेला. मी म्हटलं, त्याचा खर्च कुठल्या खात्यात टाकू ते सांगा. घाडी राहिला. प्राजक्ता रडायच्या बेतात होती. तीन ठिकाणी दोष सापडला असं तिला वाटलं होतं आणि तिन्ही ठिकाणं निर्दोष निघाली होती. धाकू गुमसुम. असा तो कोणी पाहिला नव्हता. माल परत गेला तर काय होईल याची चिंता त्याला होती असं मला वाटलं, म्हणून मी धीर द्यायला गेलो. तो म्हणाला, "साहेब, माल गेलो खड्ड्यात. सोमवारी आठवो लागता."

तेव्हा मला त्या चेहऱ्याचा उलगडा झाला.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या खोलीत होतो. खोक्यांवर पट्ट्या आज मारून ठेवायच्या की दोष सापडेपर्यंत थांबायचं, एवढंच विचारायला गेलो होतो. धाकू भिंतीपाशी बसला होता, पाठ माझ्याकडे. त्याने इकडेतिकडे बघितलं, पण मी कपाटाआड होतो. त्याने पट्टीवरून आपली आखूड तार उपसली.

त्याच वेळी पट्टी हलली. पलीकडूनही कोणीतरी काहीतरी उपसलं होतं.

धाकू तसाच राहिला, तार हातात. पट्टीतल्या मुख्य तारेचं आता सुटं झालेलं अलीकडचं टोक डोलत होतं. तापखोलीतल्या पंख्याचा आवाज भोकातून येत होता. मग धाकू भोकाशी वाकला.

"कोण तो?"

त्याने पट्टीवर बोटाने टकटक केलं.

"रघू?"

पलीकडे खुर्ची सरकली.

"रघू, तार तू काढलंस?"

पलीकडून पहिला गियर पडल्यासारखा घसा खाकरला. "मगे, तू काय करतंस हय?"

"मी फिरवतंय."

"मीय फिरवतंय."

"बुधवारा सकाळी?"

"फिरवलंय."

"जेवणात?"

"सरळ केलंय. वाटला, तू फिरवलंस आसतलंस."

"चायेक?"

"परत फिरवलंय. वाटला, तू खय एवढो शाणो."

धाकू जमिनीवर बसला. त्याने कपाळावर हात मारला, म्हणजे जी थापट इतकी वर्षं टीव्हीला मारत होता ती शेवटी योग्य ठिकाणी बसली. अरुंद मेरेवर समोरासमोर आलेली दोन माणसं जशी एकदमच उजवीकडे होतात, मग एकदमच डावीकडे होतात, आणि शेवटी दोघेही चिखलात उतरतात, तसं त्यांचं दोन दिवस चाललं होतं. प्राजक्ताने मला पुढे सांगितलं की हुशार कार्डं ही फिरवाफिरवी आपली आपण करतात, पण तीही अशीच एकदम फिरू नयेत म्हणून प्रत्येकाला वेगवेगळा वेळ थांबायला शिकवलेलं असतं. माणसांना कोणी शिकवत नाही.

"आता आयक," धाकू म्हणाला. "एकानच हात लावूचो."

"कोणी?"

"तू सांग."

पलीकडे तारेची खुडबुड झाली. मग, "तू फिरव. मी सरळ लावतंय आणि हात बांदून रवतंय."

धाकूने उलटी तार लावली. पलीकडे खट्ट आवाज झाला. मग धाकूने भोकाला तोंड लावून, मधल्या दोन शिमग्यांत न ऐकलेली आरोळी दिली, "रघू, सोडतंय रे."

"सोड."

हिरवा दिवा लागला. अलीकडेही आणि पलीकडेही. मी कपाटाआडून बाहेर आलो, पण धाकूचं दिव्याकडेही लक्ष नव्हतं आणि माझ्याकडेही. तो अजून भोकाशीच वाकलेला होता.

"रघू."

"काय?"

"आयतवारा येतंय."

"कित्याक?"

कारण रघुनाथला माहीत होतं. मला माहीत होतं, प्राजक्ताला माहीत होतं, कोंबड्यांनाही माहीत असावं. पण रीत म्हणजे रीत. तोंडाने मागायचं होतं.

धाकूने घसा साफ केला. "आमच्या चेडवाक बाळंतपणाक पाठवा, व्याही."

"भोकातसून मागतंस?" रघुनाथ म्हणाला. "दारात ये. आणि व्याही म्हणा नको, माका घाबरूक जाता."

शुक्रवारी बेंगळुरूची माणसं आली. दिवे लागले, कार्डं दिवसभर न चुकता बोलली, पाहुण्यांनी कुंड्यांचं कौतुक केलं. काय अडचण आली होती असं त्यांनी विचारलं तेव्हा प्राजक्ताने मान वर न करता सांगितलं की दोन्ही टोकांत समन्वय नव्हता. ते समाधानाने हसले. त्यांच्याकडे याला फार मोठा शब्द असावा.

रविवारी धाकूने भाड्याची गाडी केली आणि मला बरोबर नेलं. "साहेब, तुम्ही फकत बसा. तुमच्या तोंडाकडे बघून तो जादा बोलूचो नाय." मागच्या सीटवर तारा आणि तिच्या मांडीवर एक डबा. लाटंबार्सेला पोचलो तर रघुनाथ ओसरीवर उभा, इस्त्रीच्या शर्टात. धाकू पायरीवरच थांबला आणि त्याने मागणी घातली, अगदी व्यवस्थित, एकही शब्द न गाळता. रघुनाथने ती पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाला, "पाठवतंव."

चंद्रावतीने ओटी भरली. सेजल बाहेर आली. चालताना एक हात कमरेवर, आणि दोन्ही बापांकडे असं बघत होती की जणू बाळंतपण तिचं झालं की या दोघांना एकेक फटका देणार होती. ताराने डबा रघुनाथपुढे धरला आणि झाकण काढलं. नेवऱ्या.

धाकू आकाशाकडे बघू लागला. रघुनाथने एक नेवरी घेतली, हातात तोलली, तोडली. आतलं सारण सगळं त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर सांडलं.

"वयनी," तो शर्टाकडे बघत म्हणाला, "ह्या खेपेक ओव्हरलोड असा."

"चलान फाडा," तारा म्हणाली आणि लेकीचा हात धरून गाडीकडे निघाली.

धाकू मात्र गाडीत बसला नाही. सेजलला नीट बसवून झालं, डिकी लागली, तारा दोनदा हाक मारून थकली, तरी तो ट्रकाच्या सावलीत उभा राहून रघुनाथला काहीतरी समजावत होता. मी बोलवायला गेलो. पाळण्याला लावलेलं गाणं आपोआप का सुरू होतं, यावर चर्चा चालली होती. धाकूचं म्हणणं, पाळणा रुसला आहे. रघुनाथचं म्हणणं, तू दोन्ही टोकं फिरवली असशील.